पिवळी पिशवी हलकी कशी होईल: तालुक्याच्या गावातल्या 20 खाटांच्या रुग्णालयासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी प्रसूती आणि शस्त्रक्रियेचे 20 खाटांचे रुग्णालय. जाळायचा जैववैद्यकीय कचरा ज्यात जातो त्या पिवळ्या पिशव्यांचे वजन वाढतच चालले आहे. कचरा नेणारी गाडी कधीकधी दोन दिवस फिरकत नाही. बादलीभर हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या) वासाने सफाईच्या मावशींना खोकला लागतो. तेव्हा मागच्या आवारात छोटी भट्टी बांधून घरच्या घरी जाळले तर ते पर्यावरणाच्या दृष्टीने बरे का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करावी, असे डॉक्टरांनी विचारले आहे.

भट्टीचा विषय आधी मिटवू. बांधू नका. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 प्रमाणे 75 किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्राची (अनेक रुग्णालयांचा कचरा एकत्र नष्ट करणाऱ्या केंद्राची) सोय असेल, तर रुग्णालयाला स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी विटांच्या भट्टीत हे काम होणारच नाही. नियमात बसणाऱ्या दाहक भट्टीत पहिला कक्ष 800 अंश सेल्सिअसला आणि दुसरा 1050 अंशांना चालवावा लागतो (दोन्हीकडे 50 अंशांची सूट), आणि धूर त्या दुसऱ्या कक्षात निदान 2 सेकंद रेंगाळावा लागतो. डायऑक्सिन आणि फ्युरान या विषारी रसायनांची मर्यादा घनमीटरमागे 0.1 नॅनोग्रॅम आहे. आवारातल्या भट्टीत रक्ताने ओला कापूस पडला की तापमान धाडकन खाली येते. त्यात पीव्हीसीची (क्लोरीन असलेल्या प्लॅस्टिकची) नळी असली की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, आणि धूर साधारण 450 ते 200 अंशांच्या टप्प्यात सावकाश निवतो तेव्हा डायऑक्सिन नव्याने तयार होते. ते चरबीत साठते. आसपासच्या चाऱ्यावर बसलेली राख गाईच्या पोटात आणि तिथून दुधात येते. म्हणजे ज्या बाळंतिणीसाठी एवढी स्वच्छता पाळली, तिच्याच घरी ते परत जाणार.

आता मुख्य गोष्ट. कोणती वस्तू कोणत्या पिशवीत जाईल हे खाटेपाशी, हात मोकळा व्हायच्या दोन सेकंदांत ठरते. त्यानंतर ती चूक कोणालाही दुरुस्त करता येत नाही, कारण बांधलेली पिशवी उघडून निवडणे म्हणजे सुई टोचून घेण्याचे निमंत्रण. म्हणून पिवळी पिशवी हलकी करायची असेल तर कचऱ्याच्या खोलीकडे पाहू नका. खाटेपाशी, ड्रेसिंगच्या ट्रॉलीपाशी, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आणि लेबर रूममध्ये पाहा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने रुग्णालयातल्या एकूण कचऱ्यापैकी सुमारे 85 टक्के घरगुती कचऱ्यासारखाच साधा असतो. तुमच्याकडे पिवळ्या पिशव्यांचे वजन साध्या कचऱ्याच्या आसपास जात असेल, तर साधा कचराच पिवळ्यात पडतो आहे असे धरून चाला.

पहिले पंधरा दिवस काहीही बदलू नका, फक्त वजन करा. टांगता डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक पिशवीवर रंगाशिवाय विभागाचे नाव आणि पाळी मार्करने लिहायला लावा: जनरल वॉर्ड सकाळ, लेबर रूम रात्र, असे. एरवी पिशव्यांच्या बारकोड नोंदीसाठी वजन होतच असते, पण ते सगळ्या रुग्णालयाचे एकत्र असते, त्यातून काही कळत नाही. विभागवार आकडे आले की दोन-तीन जागा लगेच उघड्या पडतात. एक जागा बहुतेक सगळीकडे सारखीच: जनरल वॉर्डात खाटेजवळ ठेवलेला पिवळा डबा. नातेवाइकांना तो कचऱ्याचा डबा दिसतो, म्हणून त्यात केळीची साले, चहाचे कप आणि शहाळी जातात. एका ओल्या शहाळ्याचे वजन दिवसभराच्या ड्रेसिंगच्या बोळ्यांपेक्षा जास्त भरते, आणि ते डिझेल जाळून 1050 अंशांवर न्यायचे! खाटेजवळ फक्त ओला आणि सुका असे दोन साधे डबे ठेवा, ते नगरपालिकेच्या घंटागाडीला द्या. पिवळा आणि लाल (वापरलेल्या प्लॅस्टिकचा) डबा ड्रेसिंग ट्रॉलीवर किंवा सिस्टरच्या टेबलाजवळ, म्हणजे कर्मचाऱ्याच्या हातापाशी. लेबर रूम आणि ओटीत मात्र तो टेबलाच्या पायथ्याशीच हवा, कारण तिथे हात रक्ताचे असतात आणि कोणी चार पावले चालून जात नाही.

कुठे काय जाते हे भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेले असतेच. घोळ होतो तो ठरावीक वस्तूंचा, तेवढ्याच इथे सांगतो.

काचेच्या अँप्यूल आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या बऱ्याच ठिकाणी पिवळ्यात सापडतात. त्यांची जागा निळी खूण असलेला, न भोसकणारा आणि न गळणारा डबा ही आहे. काच जळत नाही. भट्टीत ती मऊ होऊन जाळीला चिकटते आणि हवेचा मार्ग बंद करते, मग उरलेला कचरा अर्धवट जळतो. कर्करोगाच्या औषधांच्या बाटल्या याला अपवाद: त्या पिवळ्यात, वेगळ्या खुणेसह, आणि त्यांचे दहन 1200 अंशांच्या वर व्हावे लागते. शरीरातून काढलेले धातूचे रॉड, प्लेट, स्क्रूही निळ्यातच.

सलाईनच्या बाटल्या, सेट, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, हातमोजे आणि सुई काढलेल्या सिरिंज लालमध्ये. केंद्रात हे प्लॅस्टिक ऑटोक्लेव्ह होऊन (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक होऊन) त्याचे तुकडे होतात आणि मग ते पुनर्वापराला जाते. ते चुकून पिवळ्यात गेले तर दुहेरी तोटा: परत वापरता येणारे प्लॅस्टिक जळते, आणि त्यात पीव्हीसी असेल तर क्लोरीनही. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि हातमोजे (रक्तपिशव्या सोडून) 27 मार्च 2019 पर्यंत बंद करायचे होते. पिशव्या घेताना क्लोरीनविरहित असल्याचे पुरवठादाराकडून लेखी घ्या. नुसती पिवळी दिसते म्हणून कोणतीही पिशवी चालत नाही.

सलाईनची बाटली लालमध्ये टाकण्याआधी उरलेले पाणी सिंकमध्ये ओता. न ओतलेल्या बाटल्यांमुळे पिशवी फाटते, गाडीत गळते, आणि तुम्ही अकारण पाण्याचे वजन 60 किलोमीटर लांब पाठवता. बाटलीत प्रतिजैविक मिसळलेले असेल तर मात्र ते सिंकमध्ये नको. मोरीतून नाल्यात गेलेले प्रतिजैविक तिथल्या जंतूंना त्या औषधाशी लढायला शिकवते. अशी बाटली किंवा औषध उरलेली वायल (इंजेक्शनची छोटी बाटली) तशीच टाकाऊ औषध म्हणून पिवळ्यात. मुदत संपायला तीन महिने असतानाच औषधे दुकानदाराला परत करायची पद्धत ठेवली, तर हा ढीग साठतच नाही.

सिरिंजचा आणि हातमोज्यांचा कागद, औषधांचे खोके, सलाईनचे बाहेरचे वेष्टण हे सगळे सुका कचरा. ओटीत हे वेष्टण शस्त्रक्रिया सुरू व्हायच्या आधी उघडले जाते. तेव्हा रुग्ण टेबलावर येण्यापूर्वी एक साधी पिशवी भरून बाहेर काढायची सवय लावा. ओटीच्या पिवळ्या पिशवीत एवढ्यानेच डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो.

प्रसूतीनंतर बाहेर पडणारी वार, गर्भपाताचे अवशेष, काढलेले अवयव पिवळ्यात. एक वार साधारण अर्धा किलोची असते. महिन्याला 60 प्रसूती होत असतील तर 30 किलो वजन एवढ्याचेच, आणि ते कमी होणार नाही. तेव्हा लेबर रूमच्या आकड्यातून ते वजा करून मगच तुलना करा, नाहीतर तिथल्या मावशींवर उगाच ठपका येतो.

सुईबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण लाल पिशवीतली एक सुई पुढच्या सगळ्या साखळीला भोवते. 2009 साली गुजरातेत मोडासा इथे हेपॅटायटिस बी ची साथ आली, तिचे मूळ वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरण्यात होते. म्हणूनच सिरिंज आणि नळी निकामी करून टाकण्यावर इतका भर असतो. भंगारवाल्याच्या हाती गेली तरी ती पुन्हा पाकिटात जाता कामा नये.

सुईला टोपण परत लावायचे नाही. सुई जिथे टोचली तिथेच, हाताच्या अंतरावर, हब कटर हवा. तो सुईबरोबर सिरिंजचे प्लॅस्टिकचे टोकही कापतो, म्हणजे सिरिंज पुन्हा वापरता येत नाही. विजेवर सुई जाळणाऱ्या यंत्रापेक्षा हा साधा हातकटर बरा: वीज लागत नाही, धूर होत नाही, आणि ठिणगीचा प्रश्न नाही. घेताना एक गोष्ट तपासा. सुया ज्यात पडतात तो पारदर्शक पांढरा डबा कटरपासून सुटा होऊन झाकणासकट जसाच्या तसा पाठवता आला पाहिजे. सुया एका डब्यातून दुसऱ्यात ओताव्या लागतात अशा कटरमध्ये अपघात त्या ओतण्यात होतात. तीन-चतुर्थांश भरला की डबा बंद. कॅन्युलाची (सलाईनसाठी शिरेत बसवायच्या नळीची) आतली सुई, ब्लेड आणि सुई काढता येत नाही अशा सिरिंज थेट पांढऱ्या डब्यात.

सुई टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. दाबून रक्त काढणे, स्पिरिट किंवा हायपो लावणे, बोट तोंडात घालणे यांपैकी काहीही नको. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तर 2 तासांत सुरू व्हावे, 72 तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. ते गावात कुठे आणि रात्री कोणाकडे मिळते, हे टोचण्याआधी माहीत हवे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक मावशीला आणि मामांना हेपॅटायटिस बी ची लस 0, 1 आणि 6 महिन्यांनी द्यावी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची रक्तचाचणी करून ती पातळी 10 mIU/mL च्या वर आहे ना हे पाहावे. डॉक्टरांची लस झालेली असते, मावशींची राहिलेली असते, हे चित्र फार ठिकाणी दिसते.

हायपो

खोकल्याचे कारण बहुधा हे आहे की तुमच्याकडे अजून 1998 च्या नियमांच्या काळातली पद्धत चालू आहे: हातमोजे, सिरिंज, सेट सगळे हायपोच्या बादलीत बुडवायचे, निथळायचे आणि मग पिशवीत भरायचे. आता याची गरज नाही. 2016 च्या नियमांनी रुग्णालयातच आधी निर्जंतुक करायला सांगितले आहे ते प्रयोगशाळेचा व सूक्ष्मजीवशास्त्राचा कचरा, रक्ताचे नमुने आणि रक्तपिशव्या एवढेच. लाल पिशवीतले प्लॅस्टिक केंद्रात ऑटोक्लेव्ह होतेच. उलट ज्याचे दहन होणार त्या पिवळ्या कचऱ्यावर हायपो ओतणे चूकच आहे: तो क्लोरीन तुम्ही स्वतःच्या हाताने भट्टीत पाठवता. ही बादली आजच उचला. मावशींचा खोकला, मोरीतला क्लोरीन आणि हायपोचे बिल, तिन्ही एकदम कमी होतील.

हायपो लागतो तो सांडलेल्या रक्तासाठी, सक्शन जारमधल्या (शस्त्रक्रियेत ओढून घेतलेले रक्त-पाणी साठवणाऱ्या बरणीतल्या) द्रवासाठी आणि प्रयोगशाळेत. तिथे तो नीट बनवा. डब्यावर 5 टक्के लिहिले असेल तर 1 टक्का करायला 1 भाग हायपोत 4 भाग पाणी: एका लिटरसाठी 200 मिलिलिटर हायपो आणि 800 मिलिलिटर पाणी. डब्यावर 10 टक्के असेल तर 1 भागाला 9 भाग पाणी. पण डब्यावरचा आकडा कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा असतो. ऊन आणि उष्णता यांनी क्लोरीन उडून जातो, आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेला डबा महिन्या-दोन महिन्यांत बराच फिका पडतो. छोटे, अपारदर्शक डबे घ्या, उत्पादनाची तारीख पाहा, सावलीत ठेवा. पातळ केलेले द्रावण रोजच्या रोज नवे करा.

फरशीवर रक्त सांडले तर हातमोजे घालून आधी जुने कापड किंवा कागद टाकून ते टिपून घ्या, तो कागद पिवळ्यात टाका आणि मग 1 टक्का हायपो ओतून 10 ते 20 मिनिटे तसेच राहू द्या. रक्तावरच हायपो ओतला तर त्यातला क्लोरीन रक्तातल्या प्रथिनांवरच खर्च होतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. स्टीलच्या हत्यारांना हायपो लावू नका, खड्डे पडतात. आणि बाथरूम धुवायच्या आम्लाबरोबर तो कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. दोन्ही डबे एकाच फळीवर ठेवण्याची पद्धत आधी मोडा.

सक्शन जार अर्धा भरला असेल तर त्यात तेवढाच 2 टक्के हायपो घाला, म्हणजे एकूण 1 टक्का होईल. अर्धा तास ठेवून मग सांडपाण्यात सोडा. इथे एक पेच आहे. सांडपाणी प्रक्रिया संयंत्र चालते ते जिवाणूंच्या जोरावर, आणि हायपो त्यांनाही मारतो. दिवसभराचे जार साठवून संध्याकाळी एकदम ओतले की दुसऱ्या दिवशी संयंत्राला वास येऊ लागतो आणि बीओडी (जिवाणूंना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) 30 च्या वर जातो. (मर्यादा अशा: सामू म्हणजे pH 6.5 ते 9, आणि लिटरमागे मिलिग्रॅममध्ये तरंगते घन पदार्थ 100, बीओडी 30, सीओडी म्हणजे रासायनिक ऑक्सिजन मागणी 250, तेल-ग्रीस 10.) जार जसजसे भरतील तसतसे, मधे भरपूर साधे पाणी जाऊ देत रिकामे करा.

प्रयोगशाळेतल्या कल्चरच्या प्लेट आणि नमुने यांच्यासाठी ऑटोक्लेव्ह वेगळा ठेवा, हत्यारांच्या ऑटोक्लेव्हमध्ये ते घालू नका. साध्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये कचऱ्यासाठी 121 अंश, 15 पौंड दाब, 60 मिनिटे. सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे आतली हवा बाहेर न काढणे. झाकण लावून लगेच झडप बंद केली तर काटा 15 पौंड दाखवतो, पण हवा आणि वाफ मिसळलेली असल्याने आत तापमान 121 ला पोहोचतच नाही. झडपेतून वाफेची सलग, जोरदार धार सुरू झाली की काही मिनिटे तशीच राहू द्या, मग बंद करा आणि तेव्हापासून 60 मिनिटे मोजा. पिशव्यांची तोंडे घट्ट बांधू नका, वाफ आत शिरायला वाट हवी. रंग बदलणारी पट्टी फक्त उष्णता लागल्याचे सांगते. जंतू मेल्याचे सांगते ती बीजाणूंची (उष्णतेला टिकून राहणाऱ्या जंतुरूपांची) चाचणी, आणि ती आठवड्यातून एकदा करायची असते.

गाडी

अवयव, वार, रक्ताळलेला कापूस यांसारखा प्रक्रिया न झालेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. गाडी चुकली तर कारण लिहून प्राधिकरणाला कळवण्याची जबाबदारी तुमची आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या उपप्रादेशिक कार्यालयाचा ईमेल पत्ता कचऱ्याच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा आणि 36 तास उलटले की दोन ओळी पाठवा. तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून. दोन-तीन महिन्यांच्या अशा नोंदी समोर आल्या की केंद्रालाही मार्ग बदलावा लागतो. वार ठेवायला एक छोटा, वेगळा डीप फ्रीझर घ्या आणि त्यावर कुलूप लावा, नाहीतर कधीतरी त्यात पाण्याच्या बाटल्या दिसतील. बाकी खोली हवेशीर, कुलूपबंद, धुता येणारी, पिशव्या जमिनीवर नव्हे तर चाकांच्या डब्यात.

बिलाबद्दल अपेक्षा माफक ठेवा. अनेक केंद्रे खाटेमागे रोजचा ठरावीक दर लावतात, वजन कमी झाले तरी बिल लगेच उतरत नाही. पैसा वाचतो तो खरेदीत.

आणि खरेदी कमी करायची खरी जागा म्हणजे सलाईन. आपल्याकडे ‘डॉक्टर, एक सलाईन लावा, अशक्तपणा आलाय’ हे ऐकले नाही असा डॉक्टर नसेल. एका सलाईनमागे बाटली, सेट, कॅन्युला, चिकटपट्टी, बोळे, हातमोजे आणि वेष्टणे येतात. त्यात इंजेक्शन दिले की सिरिंज, सुई, वायल आणि पाण्याची अँप्यूल. मेट्रोनिडाझोल तोंडाने घेतले तरी जवळजवळ पूर्ण शोषले जाते. दिवसातून तीन वेळा 100 मिलिलिटरची बाटली लटकवण्याऐवजी रुग्ण खाऊ-पिऊ लागताच गोळी दिली, तर त्या एका रुग्णामागे रोज तीन बाटल्या वाचतात. लेव्होफ्लॉक्सॅसिन, लिनेझोलिड, फ्लुकोनाझोल यांचेही तसेच. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या बाटल्या तर शस्त्रक्रियेनंतर केवळ सवयीने दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत चालू राहतात. राउंडच्या वेळी केसपेपरवर एकच प्रश्न विचारायला सिस्टरना सांगा: रुग्ण तोंडाने घेतोय का? ताप उतरला असेल, उलटी नसेल, आतडी हलत असतील तर बहुतेक वेळा गोळी चालते. रुग्णाला कॅन्युलाची सूज आणि ताप कमी, घरी जाणे लवकर. मेंदूज्वर, हृदयाच्या झडपेचा संसर्ग, सेप्सिस अशा रुग्णांना हे लागू नाही, हे डॉक्टरांना सांगायची गरज नाही, पण तक्ता लावाल तेव्हा त्यावर जरूर लिहा. रंगीत पिशव्यांवर जितका वेळ जातो त्याच्या निम्मा या एका प्रश्नावर दिला तर लाल पिशवी जास्त हलकी होईल, असे माझे मत आहे.

हातमोजेही असेच. रक्तदाब मोजणे, जेवण देणे, केसपेपर लिहिणे यांना हातमोजे लागत नाहीत, हात धुवावे लागतात. ओटीत धुऊन ऑटोक्लेव्ह करता येणारे कापडी गाऊन आणि चादरी अजून चालू असतील तर टाकाऊ संचांच्या जाहिरातीला भुलून त्या मोडीत काढू नका.

ओटीतली एक गोष्ट पिशवीत दिसत नाही: भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो नायट्रसचा तापमानवाढीचा परिणाम 273 किलो कार्बन डायऑक्साइडइतका. मिनिटाला 2 लिटरने एक तास चालवले तर 120 लिटर, म्हणजे सुमारे 220 ग्रॅम, म्हणजे 60 किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोल जाळून एवढे करायला साधारण 26 लिटर लागेल. बाहेर सोडणाऱ्या नळीने ओटीतली माणसे वाचतात, वातावरण नाही. तुमच्याकडे सिझेरियन पाठीतल्या इंजेक्शनवर होत असणार, मग नायट्रस एवढा जातो कुठे, हे पाहायला हवे. स्कॉटलंडमधल्या लोदियन भागातल्या रुग्णालयांनी हिशेब मांडला तेव्हा विकत घेतलेला बहुतेक नायट्रस रुग्णापर्यंत न पोहोचताच पाइपलाइनमधून गळून जात असल्याचे आढळले. तुम्हीही करू शकता: रविवारी ओटी बंद असताना सिलिंडर काट्यावर ठेवून वजन लिहा, सोमवारी सकाळी पुन्हा करा. द्रवरूप असल्यामुळे दाबाचा काटा शेवटपर्यंत हलत नाही, वजनच खरे सांगते. फरक आला तर मॅनिफोल्ड (सिलिंडर पाइपलाइनला जोडणारी यंत्रणा) बंद करा आणि भूलयंत्राला छोटा सिलिंडर लावून, काम झाले की चावी फिरवा. भूलतज्ज्ञ सेव्होफ्लुरेन हे हुंगवायचे भूलद्रव्य वापरत असतील तर रुग्ण स्थिरावल्यावर ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला 1 लिटर किंवा त्याखाली आणता येतो. त्यासाठी सोडा लाइम (श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा चुना) ताजा हवा आणि ऑक्सिजन व वायूंचे मॉनिटर चालू हवेत. ते नसतील तर हा प्रयोग करू नका. डेस्फ्लुरेन हे दुसरे भूलद्रव्य तुमच्याकडे बहुधा नसेलच. असेल तर पुन्हा मागवू नका, त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या 2500 पटींच्या घरात आहे.

राहिला पारा. जुने थर्मामीटर आणि पाऱ्याचे रक्तदाब यंत्र अजून कपाटात असतील. थर्मामीटरमध्ये साधारण 1 ग्रॅम, रक्तदाब यंत्रात 100 ग्रॅमच्या आसपास पारा असतो. फुटले तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने गोळ्या आणखी बारीक होऊन वाफ वाढते. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, अंगठी-बांगड्या काढा, हातमोजे घालून दोन जाड कागदांनी गोळ्या एकत्र करा आणि सुई नसलेल्या सिरिंजने ओढून घट्ट झाकणाच्या, थोडे पाणी असलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा. फटीत उरलेल्यावर गंधकाची पूड टाकून ती गोळा करा. ही बाटली कोणत्याही रंगाच्या पिशवीत जात नाही, पिवळ्यात तर मुळीच नाही. घातक कचरा म्हणून नाव लावून वेगळी ठेवा आणि मंडळाने अधिकृत केलेल्या संस्थेकडेच द्या. एक्स-रे अजून फिल्मवर धूत असाल तर फिक्सरचेही (फिल्म धुण्याच्या द्रावणाचेही) असेच: त्यात चांदी असते, तो मोरीत न ओतता अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला विका आणि पावती नोंदवहीत लावा. 30 जूनपर्यंत नमुना 4 मधला वार्षिक अहवाल भरताना ती शोधत बसावे लागणार नाही.